ढगाला विरजण

लिंगठांगने तोंडाला कुलूप लावून आज नववा दिवस होता.

लाहौलच्या खोऱ्यात, चंद्रा नदीच्या काठावर वसलेलं हे एकतीस घरांचं गाव. संक्रांत झाली की गावाचे देव स्वर्गात सभेला जातात आणि एकवीस दिवस परतत नाहीत, अशी इथली श्रद्धा. धनी परगावी गेला की मागे राहिलेल्यांनी जपून असावं, तसं मग गाव असतं. देवळाची घंटा कापडात गुंडाळतात. कुकरची शिट्टी काढून ठेवतात. फोन बंद होऊन पिठाच्या डब्यात जातात. बोलायचं ते घरात, चुलीपाशी आणि हळू. सकाळी गुरांचं, पाण्याचं उरकलं की दाराला अडसर आणि खिडक्यांना फळ्या. सगळ्यात कडक नियम म्हणजे दार वाजलं तर उघडायचं नाही. देव घरी नसताना राक्षस मोकळे सुटतात आणि ते अगदी माणसासारखं दार वाजवतात म्हणे.

शर्वाणी चोगलेला पहिल्या वर्षी या नियमाचं हसू आलं होतं. आता तिसऱ्या हिवाळ्यात ती स्वतःही कुजबुजायला लागली होती, एकटी असतानासुद्धा.

आत्ता ती एकटीच होती. गावासमोरच्या सोंडेवर प्रकल्पाचं स्टेशन होतं, आणि त्याच्या मागच्या उतारावर खणलेल्या छातीएवढ्या खड्ड्यात उभी राहून ती बर्फाच्या भिंतीवरून बोट फिरवत होती. वर आज सकाळपासून पडलेला हातभर बर्फ, जड आणि घट्ट. त्याच्याखाली तिचं बोट भसकन आत गेलं. चार बोटं जाडीचा एक थर होता, रव्यासारखा सुटा. चिमूटभर बर्फ काळ्या पुठ्ठ्यावर घेऊन तिने भिंग लावलं. सपाट, गुळगुळीत, सहा कोनांच्या चकत्या दिसल्या. एकीच्याही अंगावर गोठलेल्या थेंबाचा खवला नव्हता.

हा थर काही देवाने घातलेला नव्हता. सतरा जानेवारीला तो तिनेच घातला होता.

तिच्या नोकरीचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावणारं होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्या यांगझोम आमाला तिने ते पहिल्याच आठवड्यात ताकाच्या मडक्याकडे बोट दाखवून समजावलं होतं. ढगातलं पाणी शून्याच्या खाली गेलं म्हणजे गोठतंच असं नाही. उणे दहाला, उणे पंधरालाही ते थेंबच राहतं. दुधाला जसं विरजण लागतं, तसा थेंबाला बर्फ व्हायला एखादा कण लागतो, ज्याच्या अंगाला धरून पाण्याची घडी बसेल. पूर्वी त्यासाठी सिल्व्हर आयोडाइडचा धूर सोडत. तो चांगल्या थंड ढगातच कामाला लागे आणि दहा-पंधरा टक्के बर्फ जास्त पाडी. तोही आपण पाडला की तसाही पडणारच होता, यावर शास्त्रज्ञ पन्नास वर्षं भांडले. हिमसंचय प्रकल्पाचं विरजण निराळं होतं. झाडांच्या पानांवर राहणारा एक जिवाणू आपल्या अंगावरच्या प्रथिनाने दव लवकर गोठवतो. तेच प्रथिन कारखान्यात बनवून, वाळवून, त्याची पूड कड्यावरच्या बारा उंच नळ्यांमधून वाऱ्यावर सोडायची. गावाने त्या नळ्यांचं नाव ठेवलं होतं फुंकण्या. हे विरजण उणे दोनलाच लागत होतं. तीन वर्षांत कड्यावरचा बर्फ एक तृतीयांशाने वाढला होता आणि उन्हाळ्यात तो वितळून खालच्या धरणात जात होता. मैदानातली सहा शहरं त्या धरणावर जगत होती.

पण विरजण जास्त झालं की काय होतं, हे कुणी नीट पाहिलंच नव्हतं. जिथे हजार हिमकण व्हायचे तिथे लाख झाले, आणि पाणी त्यांच्यात वाटलं गेलं. एरवी हिमकण पडता पडता वाटेतले थेंब अंगावर गोठवून घेतो, खरबरीत होतो, आणि खरबरीत कण एकमेकांना धरून बसतात. इथे वाटेत थेंबच उरले नव्हते. कोऱ्या पत्त्यांसारखे गुळगुळीत कण एकावर एक पडले, आणि नंतरच्या पाच कोरड्या थंड दिवसांनी त्यांना तसंच सुटं ठेवलं. आता त्यांच्यावर जड बर्फाची लादी चढत होती.

लादीचं शर्वाणीला कुणी शिकवायला नको होतं. हर्णै बंदरात तिच्या बापाचा बर्फाचा कारखाना होता. लाद्या एकावर एक रचताना मध्ये भुसा राहिला तर काय होतं, ते तिने सहा वर्षांची असताना डोळ्यांनी पाहिलं होतं. कारखान्यातला दत्ताराम त्यानंतर जन्मभर कुबडी घेऊन चालला.

तिने मान वळवून समोर पाहिलं. पडत्या बर्फाच्या पडद्याआड लिंगठांगची छतं दिसत होती, आणि त्यांच्या डोक्यावर उभा असलेला उतारही. तो याच दिशेला तोंड करून होता, याच चढाचा होता. त्याच्यावरही तोच थर होता. आणि सकाळी सहाला वरून आलेला आदेश वाचून तिने बाराही फुंकण्या स्वतःच्या हाताने चालू केल्या होत्या.

"काय झालं?" ती स्टेशनात परतली तेव्हा संगणकाच्या पडद्यावर प्रकल्पप्रमुख बिराजदार सरांचा चेहरा आला. खालच्या मुख्यालयात ते रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

शर्वाणीने सांगितलं. थराची जाडी सांगितली, फोटो पाठवले.

डॉ. बिराजदारांनी फोटो नीट पाहिले. वाईट माणूस नव्हता तो. पुण्यातल्या प्रयोगशाळेतून शर्वाणीला त्यांनीच इथे आणलं होतं, तिचा पहिला शोधनिबंध रात्र रात्र बसून सुधारला होता. ते लातूरचे. रेल्वेने गावाला पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभे होते, आणि ती रांग त्यांच्या डोक्यातून कधी हललीच नव्हती.

"थर आहे, मान्य," ते म्हणाले. "पण तो तुझ्या खड्ड्यात आहे. गावावरच्या उतारावर आहेच कशावरून?"

"सर, दोन्ही उतार सारखेच आहेत. तिथे जाऊन बघायचं तर मीच तो खाली आणीन."

"धरण एकोणीस टक्क्यांवर आहे, शर्वाणी. असा ढग आता फेब्रुवारी संपेपर्यंत नाही. आजचा दिवस गेला तर मे महिन्यात सहा शहरांना चार दिवसांआड पाणी. तू मला 'कदाचित'वर फुंकण्या बंद करायला सांगतेस?"

"हो."

"गाव रिकामं कर ना मग. सायरन कशाला दिलाय?"

सायरनचं काय झालंय, ते सरांना ठाऊक नव्हतं. तिने पडद्याखालच्या कळांकडे हात नेला. एक ते बारा. स्थानिक ताबा स्टेशनकडे होता, तेवढं तरी बरं.

"शर्वाणी, तीन नंबर बंद पडलाय," सर म्हणाले. "चार पण. बघ जरा, काय झालंय."

"बंद पडलेला नाही सर. बंद केलाय."

ते अगदी हळू म्हणाले, "लेकरा, हे तू माझ्या नकळत केलं असतंस तर मी तुला वाचवू शकलो असतो."

बारावी कळ दाबून झाली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ढगात सोडलेली पूड अजून दोन तास तरी काम करणार होती. धनुष्यातून सुटलेला बाण तो.

सायरनचं असं झालं होतं. पहिल्या वर्षी प्रकल्पाने गावात खांब उभा केला तेव्हा सगळं गाव आडवं आलं. देवांच्या सुट्टीत हा भोंगा वाजला तर? यांगझोम आमाचा मुलगा अंगरूप गावचा पुजारी. तो सभेत म्हणाला, "मॅडम, तुमच्या मशीनला तारखा कळत नाहीत." तेव्हा शर्वाणीने देवळाच्या चौकटीवर हात ठेवून शब्द दिला की त्या एकवीस दिवसांत भोंगा वाजणार नाही. आणि नुसत्या शब्दावर न थांबता तिने सायरनचा फ्यूज काढून अंगरूपच्या हातात ठेवला. दर संक्रांतीला फ्यूज देवळात जमा होई आणि देव परतले की परत मिळे. गावाने त्या दिवसापासून तिला आपलं मानलं. आमाने तिला घरात खोली दिली. वरिष्ठांना कळवायचं मात्र ती विसरली, किंवा खरं बोलायचं तर तिने ते टाळलं. कुठल्याही नियमपुस्तकात न बसणारं हे शहाणपण तिला तेव्हा फार सुंदर वाटलं होतं.

आता ती गुडघाभर बर्फातून उतरणीला लागली होती आणि स्वतःला शिव्या घालत होती.

पहिलं घर नोर्बूचं. तिने दार वाजवलं. आत कुणीतरी हललं आणि मग सगळं गपगार झालं. तिने पुन्हा वाजवलं, हाक मारली. "मी शर्वाणी! दार उघडा!" आतून अडसर आणखी घट्ट सारल्याचा आवाज आला. दुसऱ्या घरी लहान मूल रडायला लागलं आणि त्याचं तोंड कुणीतरी दाबलं. तिसऱ्या घरी काहीच नाही. आपण त्या लोकांना कशा ऐकू येत असू, या विचाराने तिलाच शहारा आला. हिमवादळात, भर दुपारी, ओळखीच्या आवाजात हाका मारत दारं वाजवणारी बाई. गोष्टीतला राक्षस याहून वेगळा काय असतो?

अंगरूप देवळालगतच्या खोलीत होता. या दिवसांत पुजाऱ्याने तिथेच राहायचं असतं. देवळाच्या ओसरीवरच तो तिला भेटला आणि ओठांवर बोट ठेवून उभा राहिला.

"फ्यूज हवाय," ती कुजबुजली. "आत्ताच्या आत्ता. वरचा बर्फ खाली येणार आहे."

"देऊळ बंद आहे."

"ठाऊक आहे मला. उघडा."

"बारा दिवसांनी."

"बारा दिवसांनी गाव नसेल, अंगरूपजी!"

"हळू," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, घाबरला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "देव नसताना गाभारा उघडला तर आत कोण येऊन बसेल, सांगता येतं का तुम्हाला? माझ्या बापाने नाही उघडला. भूकंपात नाही उघडला. तुम्ही चौकटीवर हात ठेवला होता ना?"

"ठेवला होता."

"मग तुम्ही मला हे विचारायलाच नको होतं."

जन्ममरणाचं भांडण कुजबुजत करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. दहा मिनिटं ते दोघं एकमेकांच्या कानाशी लागून भांडले. शेवटी अंगरूपने किल्ली गळ्यातून काढली, मुठीत धरली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. शर्वाणीने घड्याळ पाहिलं. दोन वाजून चाळीस.

गावात एकच घर असं होतं, जिथल्या खिडकीची एक फळी काढलेली असे. शर्वाणी स्टेशनवरून परत येताना दिसावी म्हणून आमा ती काढून ठेवायची. शेजारच्या बायकांनी नाकं मुरडली तरी तिने ती लावली नव्हती. शर्वाणी अंगणात पोचायच्या आतच दार उघडलं.

यांगझोम आमा सत्तरीची होती, काटक आणि बुटकी. तिने शर्वाणीच्या अंगावरचा बर्फ झाडला, हात चोळले, चहाकडे वळली. शर्वाणीने तिचा हात धरून तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळं.

"माझ्या सासूच्या सासूनेही तिथून बर्फ आलेला पाहिला नाही," आमा म्हणाली. "वारा तो उतार झाडून ठेवतो. यंदाच कसा येईल?"

शर्वाणीने खाली पाहिलं. "यंदा बर्फ वेगळा पडलाय, आमा."

"नक्की येईल?"

"नक्की नाही सांगता येत."

"आणि मी ओरडले तर? आवाजाने येईल?"

"नाही. आवाजाने बर्फ सुटत नाही, ती नुसती समजूत आहे. वजनाने सुटतो. आणि वजन वाढतंय."

आमा चुलीकडे बघत बसली. तिच्या कपाळावरची शीर उडत होती. त्रेसष्ट संक्रांती तिने हे मौन पाळलं होतं. नवरा गेला तो याच दिवसांत, आणि तिने त्याला हुंदका न काढता पोचवला होता. हे तिनेच एकदा शेंगदाणे सोलता सोलता शर्वाणीला सांगितलं होतं.

"तू सांगतेस म्हणून," आमा म्हणाली आणि शिडीला हात घातला.

छतावर उभं राहून तिने पहिली हाक मारली तेव्हा शर्वाणीला रडूच फुटलं. त्या एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठे होता कोण जाणे. "नोर्बू! छिमेद! उठा, बाहेर या! मी यांगझोम, अंगरूपची आई!" एकेका घराचं नाव घेऊन, घरातल्या म्हाताऱ्याचं नाव, सुनेचं नाव, मागल्या भाद्रपदात जन्मलेल्या लेकराचं नाव. दारं उघडली ती रागाने उघडली. कुणी कानांवर हात ठेवून आलं, कुणी दगड घेऊन आलं. पण आली सगळी. राक्षसाला हाक मारता येते, पण छिमेदच्या वासराचं नाव त्याला कुठून ठाऊक असणार!

साडेचारपर्यंत सगळं गाव सोंडेवरच्या जुन्या शाळेत पोचलं होतं. सगळ्यात शेवटी अंगरूप आला. आईकडे त्याने पाहिलं नाही.

सकाळी आकाश स्वच्छ होतं. लिंगठांग जसंच्या तसं उभं होतं. वरचा उतारही तसाच उभा होता, पांढराशुभ्र, गुळगुळीत, वर एकही रेघ नसलेला. बर्फाचा खडासुद्धा घरंगळला नव्हता.

शाळेच्या पटांगणात सभा बसली. सभा कसली, कुजबुज. मोडलेलं मौन निदान उरलेले दिवस सांभाळावं म्हणून सगळे अजून हळूच बोलत होते. देवांना आता काय तोंड दाखवायचं, हा एकच प्रश्न होता. निवाडा पुजाऱ्याने द्यायचा असतो. आमा एका बाजूला, कुणी न सांगता, स्वतःहून वेगळी बसली होती.

अंगरूपने जमिनीकडे बघत निवाडा दिला. पुढच्या संक्रांतीपर्यंत यांगझोमच्या चुलीचा विस्तव कुणी न्यायचा नाही. तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही. पोटच्या पोराला हे बोलताना काय झालं असेल, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं. आमाने मान डोलावली, जणू भाजीचा भाव ठरला.

शर्वाणी उठणार तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. ती शाळेच्या मागे गेली.

"काही पडलं नाही ना?" बिराजदार सर म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती आणि रागही होता.

"नाही."

"ऐक आता. काल तू थांबवलेल्या ढगातलं निम्मं पाणी डोंगर ओलांडून पलीकडे गेलं. त्याचे आकडे माझ्यासमोर आहेत. तू गाव वाचवलंस याला पुरावा नाही, शर्वाणी. शहरं तहानलेली ठेवलीस याला आहे."

"मी बंद केलं नसतं तर पडला असता, सर."

"असेल. कोण सिद्ध करणार? एक कर. गावाला सांग, हवामान बिघडलं होतं, खबरदारी म्हणून उठवलं. मीही तेच वर कळवतो. तुझी नोकरी राहील, प्रकल्प राहील. तो थर कुणी घातला, हे तोंडातून काढू नकोस. तेवढं एक वाक्य बाहेर पडलं की सगळ्या हिमालयातल्या फुंकण्या उद्या बंद होतील, आणि मग रांगेतल्या बायांना तू तोंड दाखव."

त्यांचंही खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. त्या बायांची शपथ शर्वाणीलाही लागत होती. तिने भिंतीच्या आडून पटांगणाकडे पाहिलं. छिमेदची सून सगळ्यांना चहा देत होती. आमापाशी आली, थबकली, आणि केटली दुसऱ्या हातात घेऊन पुढे गेली.

शर्वाणीने फोन बंद केला. स्टेशनमधून फावडं आणि करवत आणली आणि सभेसमोर येऊन म्हणाली, "माझ्याबरोबर चला. सगळ्यांनी नको. म्हातारे आणि अंगरूपजी. फक्त दहा मिनिटं."

तिने शाळेमागच्या उताराच्या पायथ्याशी, जिथे धोका नव्हता तिथे, नवा खड्डा खणला. खड्ड्याच्या भिंतीतून करवतीने बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, वीतभर रुंद, कंबरेएवढा उंच. त्याच्या डोक्यावर फावड्याचं पातं आडवं ठेवलं.

"याच्यावर हात मारा," ती अंगरूपला म्हणाली. "जोराने नाही. मनगटातून, बोटांनी. दाराशी कुणी हळूच टकटक करतं तेवढंच."

अंगरूपने एकदा मारलं. दोनदा, तीनदा. म्हातारे माना लांब करून बघत होते. पाचव्या टकटकीला खांबाचा वरचा हातभर भाग ओढलेल्या ड्रॉवरसारखा पुढे सरकला आणि अखंड, चौकोनी, अंगरूपच्या पायांवर येऊन पडला. खाली राहिलेला पृष्ठभाग फरशीइतका साफ होता.

एका म्हाताऱ्याने वर, गावाच्या उताराकडे पाहिलं आणि खाली बसला.

"वर पण असंच आहे?" अंगरूपने विचारलं. तो कुजबुजायचं विसरला होता.

"असंच. अजून आहे. दहा दिवस कुणी घरी जायचं नाही. गुरांनाही इकडेच आणा, पण एकेक करून, आणि खालच्या वाटेने. तुमच्या आईने काल हाका मारल्या नसत्या आणि आणखी हातभर बर्फ पडला असता, तर…"

"माझा बाप ऐंशी वर्षं इथे जगला," अंगरूप म्हणाला. "असा बर्फ त्याने कधी सांगितला नाही. हा मधला थर आला कुठून?"

इथे 'हवामान' म्हणायचं होतं. एकच शब्द. आमाच्या चुलीचं तर आता भागलंच होतं, खांबाने ते काम केलं होतं. पण पुढच्या वर्षी अशाच ढगाला कुणीतरी असंच विरजण लावणार होतं, दुसऱ्या एखाद्या गावाच्या डोक्यावर, आणि तिथे छतावर चढायला आमा नसणार होती.

"आम्ही घातला," शर्वाणी म्हणाली. "फुंकण्यांनी. सतरा तारखेला. कळ मी दाबली होती, आणि काल सकाळी पुन्हा मीच दाबली. ही गोष्ट मी आजच लिहून वर पाठवतेय, माझ्या सहीने."

म्हाताऱ्यांच्या मागे आमा उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती.

निवाडा फिरला. त्याच संध्याकाळी छिमेदची सून आमाच्या हातचा चहा सगळ्यांदेखत प्यायली आणि दुसरा कप मागून घेतला. दहा दिवस गाव शाळेत राहिलं. सातव्या दिवशी उन्हं चढल्यावर वरच्या उताराला एक लांब भेग पडली, पण तो सुटला नाही. हळूहळू बसत गेला. शर्वाणी रोज खड्डा खणून थर तपासत होती आणि दहाव्या दिवशी तिनेच गावाला घरी जायला सांगितलं. तिचा अहवाल तोवर वर्तमानपत्रांत पोचला होता. बिराजदार सरांचा एकच निरोप आला: चौकशी बसली आहे, मला रजेवर पाठवलंय, तुझ्यावर राग नाही, पण फोन करू नकोस.

देव परतले. अंगरूपने घंटेचं कापड सोडलं आणि गावाने एकवीस दिवसांचं सगळं बोलणं एका सकाळी बोलून घेतलं. पोरं शिट्ट्या मारत होती, बायका छताछतांवरून ओरडत होत्या, कुकर वाजत होते. बारा फुंकण्या कड्यावरून उतरवून ट्रॉलीत भरल्या गेल्या. शर्वाणीने जावं, असं सभेने ठरवलं होतं. ठराव सांगताना अंगरूपने हात जोडले होते, तिनेही जोडले.

खोऱ्याबाहेर जाणाऱ्या बोगद्यापर्यंत नेणारी गाडी देवळापाशी उभी होती. शर्वाणी पिशव्या ठेवत होती तेव्हा आमा आली. शाळेतल्या दिवसांत तिने शर्वाणीला वेळेवर जेवायला वाढलं होतं, अंथरूण घातलं होतं, पण कामापुरतं सोडून एक शब्द काढला नव्हता. आता तिच्या हातात लोकरीच्या मोज्यांचा जोड होता. तो तिने पिशवीवर ठेवला.

"मॅडम, एक विचारू?"

तीन वर्षं ती पोरी म्हणत आली होती. शर्वाणीने कशीबशी मान हलवली.

"तो बर्फ तुमचा होता, हे त्या दिवशी चुलीपाशी ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"भीती वाटली, आमा. सांगितलं असतं तर तुम्ही वर चढला नसता."

आमाने तिच्याकडे नीट, डोळे भरून पाहिलं. मागे देवळाची घंटा कुणीतरी बडवतच होतं.

"चढले असते," ती म्हणाली. "गावासाठी चढले असते. त्या दिवशी मी तुझ्यासाठी चढले होते."